कामठीचे तांबडे पाणी

‘यंदा एखादे प्रवासवर्णन द्या,’ असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी माझ्या प्रवासांची मोजदाद केली. उत्तरपत्रिका तपासण्यासाठी अमरावती, साहित्यसंमेलनांच्या निमित्ताने दोन-तीन गावे आणि लग्नानंतर एकदा पचमढी. एवढ्या भांडवलावर स्वतःला प्रवासी म्हणवून घेणे धाडसाचेच होते. माझे सहकारी उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला जाऊन येतात आणि दिवाळीत वाचकांना आल्प्सचे बर्फ वाटतात. मी गेलो तो नागपूरपासून सोळा किलोमीटरवर, कामठीला. तरीही वाचकांची फसवणूक होणार नाही अशी आशा आहे. कारण त्या एका दिवसात मला एक असे लोक भेटले, की ज्यांच्याविषयी युरोपातून आलेल्यांनीही काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

जानेवारीचा महिना होता. मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक गाठला आणि पुढे ऑटोत सातव्या प्रवाशाची जागा मिळवली. कामठीचा रस्ता छावणीच्या हद्दीत शिरला की एकदम शहाण्यासारखा वागू लागतो. दुतर्फा जुनी झाडे, चुना लावलेले बुंधे, आणि आरडाओरडा नाही. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, भोसल्यांचे बळ मोडले आणि १८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी ही छावणी बसवली. आता तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे. ‘कॅम्प-टी’चे कामठी झाले असे गावातले लोक छातीठोकपणे सांगतात. व्युत्पत्ती सांगणाऱ्याकडे पुरावा मागायचा नाही, हा नियम मी वर्गाबाहेर कसोशीने पाळतो.

छावणी संपली की खरे गाव लागते. विणकरांचे मोहल्ले, मशिदी, देवळे, आणि १९९९ साली उभे राहिलेले ते देखणे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार, ज्याच्यासाठी आता दूरदूरचे लोक इथे येतात. मी मात्र सरळ आमच्या जुन्या घराकडे वळलो. तिथे माझी काकू राहते. काकूचे वय आता सत्तरीचे. तिचा नातू, म्हणजे नात्याने माझा पुतण्या, नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्‌सी. करतो. त्यानेच मला बोलावले होते. ‘काका, तुमच्या लहानपणीच्या हापशीवर प्रयोग केला आहे, येऊन पाहा,’ असा त्याचा निरोप होता.

त्या हापशीची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

माझे आजोबा शाळामास्तर होते आणि निवृत्त झाल्यावरही पांढरेशुभ्र धोतर नेसल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसत. वडिलांची नोकरी नागपूरला, त्यामुळे शनिवारी दुपारी आम्ही कामठीला यायचे, असा शिरस्ता होता. १९८७ च्या उन्हाळ्यात अंगणातली विहीर आटली, म्हणून बोअर मारून हापशी बसवली. पाणी कसे, तर काचेसारखे. मुलांनी दिवसभर हापसून घेतले. आणि त्याच महिन्यात आजोबांची धोतरे पिवळी पडू लागली.

आजीने निकाल देऊन टाकला. काकूला घरात येऊन बारा वर्षे झाली होती. आता तिला कामाचा कंटाळा आला. पाणी तर लख्ख, डोळ्यांना दिसत होते; मग दोष धुणाऱ्या हातांचाच. ‘सोडा जास्त घालत जा,’ असे आजी बजावी. काकू सोडा वाढवी आणि धोतर अधिकच पिवळे होई. मी तेव्हा आठ वर्षांचा. दोरीवरच्या धोतरावर तांबूस डाग दिसला की धावत जाऊन आजीला वर्दी द्यायचे काम मी स्वतःहून पत्करले होते. बक्षीस म्हणून हातावर गूळ-शेंगदाणे मिळत. त्यानंतर स्वयंपाकघरातून जे बोलणे ऐकू येई ते ऐकत मी ते खात असे. पुढे आजी गेली, आजोबा गेले, हापशी गंजून बंद पडली, नळ आला. पण ते गूळ-शेंगदाणे काही माझ्या पचनी पडले नाहीत.

‘आधी नदीवर जाऊ,’ पुतण्या म्हणाला. वाटेत एका घराचा स्लॅब पडत होता. खालून वरपर्यंत पंधरावीस मजूर शिडीवर, फळीवर उभे होते. कोणी जागचे हलत नव्हते. काँक्रीटचे घमेले मात्र या हातातून त्या हातात करीत वर चालले होते. पुतण्या थांबला. ‘काका, हे नीट पाहून ठेवा. पुढे लागेल.’

कन्हान सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, पेंच आणि कोलार यांना पोटात घेऊन कामठीला येते आणि पुढे वैनगंगेला मिळते. हिवाळ्यात तिचे पाणी एका अंगाला सरकलेले असते. इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल, त्याच्या खाली वाळूची बेटे, आणि काठाला मऊ गाळ. पुतण्याने काडीने तो गाळ उकरला. वरचा कागदासारखा थर तांबूस होता; बोटभर खाली तोच गाळ करडा, मग काळसर. बाजूच्या डबक्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसत होता. मला वाटले, कोणीतरी गाडी धुतली. त्याने काडी टोचली तेव्हा तवंग पापडासारखा तुकड्या-तुकड्यांनी फुटला. ‘तेल असते तर पुन्हा मिळून आले असते. हे लोखंड आहे.’

कामठीत लोखंड कुठले? त्याचे उत्तर नदीच्या काठाने वर गेले की सिलेवाड्याच्या बाजूला मिळते. तिथला वालुकाश्म तांबूस, पिवळट, तपकिरी. हात फिरवला तर तळव्याला रंग लागावा असा. तो रंग म्हणजे वाळूच्या कणांना चिकटून बसलेला लोखंडाचा गंज. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपूरच्या आसपासचे दगड फोडले आणि त्यांत ग्लोसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे शोधले. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. त्याचे नाव आमच्या नागपूरच्या कॉलेजाला आहे. पण या दगडांना नाव मिळाले ते कामठीचे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या या थरांना भूशास्त्रज्ञ ‘कामठी’ थर म्हणतात, आणि गोदावरीच्या खोऱ्यात काय किंवा ओडिशात काय, तसे खडक सापडले की तिथेही कामठीच म्हणतात. तांबड्या कामठी थरांच्या खाली काळा कोळसा आणि करडे दगड आहेत. वर तांबडे, खाली करडे: काडीने उकरलेल्या गाळात जे पाहिले, तेच इथे शेकडो फुटांच्या जाडीने.

‘याचे कारण सांग,’ मी म्हणालो आणि एका धोंड्यावर बसलो. पुढचा तासभर मी विद्यार्थी होतो. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

लोखंडाच्या अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावले की त्याचा तांबडा गंज होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दगडाला, मातीला धरून राहतो. त्याला कोणी एक इलेक्ट्रॉन परत दिला, म्हणजे त्याची हानी दोहोंवर आली, की तो रंग टाकतो, पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. जमिनीखाली हा एक इलेक्ट्रॉन त्याला देतो कोण? बराच काळ समजूत अशी होती, की हे सारे रसायनांचे आपापसांतले व्यवहार. पुढे कळले, की यात सजीवांचा हात मोठा आहे. १९८७ साली, म्हणजे आमची हापशी बसली त्याच वर्षी, अमेरिकेत डेरेक लव्हली यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातला एक जिवाणू लोकांपुढे आणला. त्याच्या कुळाला पुढे जिओबॅक्टर हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी केनेथ नील्सन आणि चार्ल्स मायर्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातल्या शेवानेला या जिवाणूची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांचाही धंदा एकच. ते गंजाचा श्वास घेतात.

मी हसलो. तेव्हा पुतण्याने मला श्वास म्हणजे काय ते विचारले, आणि माझी पंचाईत झाली. अन्नातून ऊर्जा काढायची तर त्यातले इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. नाहीतर सारा व्यवहार तुंबतो. आपण ते प्राणवायूच्या पदरात टाकतो. त्यासाठीच हा रात्रंदिवस चाललेला भाता. गाळात बोटभर खाली प्राणवायू नाही. तिथले हे जिवाणू कुजलेल्या पालापाचोळ्यातून तयार झालेले व्हिनेगरसारखे पदार्थ खातात आणि इलेक्ट्रॉन गंजाला देतात. त्या व्हिनेगरच्या एका रेणूतून आठ इलेक्ट्रॉन निघतात. म्हणजे एका घासामागे लोखंडाचे आठ अणू गंजातून सुटतात.

पण इथे एक मोठी अडचण आहे. प्राणवायू आपल्या पेशीच्या आत येतो. गंजाचा कण हा दगड. तो जिवाणूच्या पोटात कसा शिरणार? पाहुणा उंबरठ्याच्या आत येऊ शकत नसेल, तर वाढलेले ताट त्याच्यापर्यंत बाहेर नेऊन पोहोचवले पाहिजे. आणि या जिवाणूंच्या घराला दोन भिंती आहेत, त्यांच्या मध्ये बोळ आहे, आणि भिंतींतून वीज वाहत नाही.

‘आता ते घमेले आठवा,’ पुतण्या म्हणाला.

भिंतींमध्ये आणि बोळात प्रथिने उभी असतात. त्यांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली हे नाव दिले. सायटो म्हणजे पेशी, क्रोम म्हणजे रंग, म्हणजे आपल्या भाषेत ‘पेशीरंग’. (इथे मला प्रथमच आपल्या पदवीचा उपयोग झाल्यासारखे वाटले.) प्रत्येक पेशीरंगात हीम नावाच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध लोखंडाचा एकच अणू असतो. आपले रक्त तांबडे दिसते ते याच हीममुळे. रक्तातले हीम प्राणवायू वाहून नेते. हे हीम इलेक्ट्रॉन पुढे सरकवते. चकत्या इतक्या लगत असतात, की एका चकतीवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या चकतीवर उडी घेतो. घेणाऱ्या चकतीतल्या लोखंडाची हानी तीनवरून दोनवर येते. त्याने पुढे दिला की पुन्हा तीन. मजूर जागचे हलत नाहीत, घमेले जाते. शेवानेलामध्ये आतल्या भिंतीशी चार हीमचे एक प्रथिन असते, बाहेरच्या भिंतीत दहा हीमचे दुसरे आणि भिंतीबाहेर दहा हीमचे तिसरे. बाहेरच्या भिंतीत शिरायला एक पोकळ पिंपासारखे प्रथिन आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आराखड्यात दिसते, की दहा हीमची तार त्या पिंपात बरोबर, विजेच्या वायरीसारखी, बसवलेली आहे. गंजातले लोखंड सोडवायला निघालेल्या इलेक्ट्रॉनची वाट लोखंडाचीच केलेली आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

जिओबॅक्टर त्याहून वरचढ. त्याच्या जनुकांत शंभराहून अधिक पेशीरंगांच्या कृती लिहिलेल्या आहेत. त्याच्या अंगातून बारीक तंतू निघतात आणि त्यांतून वीज वाहते, हे २००५ पासून माहीत होते. पण ते तंतू जिवाणूंच्या नेहमीच्या केसांचे असावेत, असे मानले जाई. २०१९ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले गेले तेव्हा तो तंतू म्हणजे एका पेशीरंगाचे मणी ओवलेली माळ निघाली. प्रत्येक मण्यात सहा हीम. जाडी केसाच्या वीस हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. हे पाहणाऱ्यांत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे निखिल मालवणकर आहेत. आडनाव ऐकून मी उगीचच सावरून बसलो.

‘हे सगळे अमेरिकेतच का?’ मी विचारले. तेव्हा तो म्हणाला, की नाही. आपल्या लोणारच्या सरोवरातही आहे. त्या खाऱ्या, सोड्यासारख्या गाळातून मोहालीच्या संशोधकांनी २०२० साली विजेच्या कांडीवर जिवाणूंचा थर वाढवला, त्यात जिओअल्कलीबॅक्टर या जातीचे प्राबल्य होते. गंज नाही मिळाला, तर हे लोक इलेक्ट्रॉन कांडीला देतात आणि तारेतून वीज वाहते. गाळात कांडी खोचून अर्धा व्होल्ट मिळाला तरी खूप; त्यावर पणतीएवढाही उजेड पडायचा नाही. पण ती वीज कोणाच्या तरी श्वासाची असते.

या लोकांचे उपद्रवही आहेत. बंगालच्या खोऱ्यात गंजाच्या कणांना आर्सेनिक चिकटून बसलेले असते. गंज विरघळला की तेही सुटते आणि नळकूपांच्या पाण्यात उतरते. धातूंचा श्वास घेणारे जिवाणू तिथल्या गाळातून आर्सेनिक सोडवू शकतात, हे २००४ साली प्रयोगशाळेत दाखवले गेले. लाखो माणसे ते काचेसारखे पाणी प्याली. उलट अमेरिकेत याच जिवाणूंना खाऊ घालून भूजलातले युरेनियम खाली बसवण्याचे प्रयोग झाले. म्हणजे हे ना देव, ना राक्षस. ते आपला श्वास घेतात; त्याचे बरेवाईट आपल्या वाट्याला येते.

मग तो हापशीवर आला. आमच्या बोअरच्या तळाशी प्राणवायू नव्हता. तिथे लोखंड विरघळलेले, बिनरंगी. पाणी वर आले तेव्हा लख्ख. हवेशी गाठ पडताच लोखंडाने पुन्हा इलेक्ट्रॉन गमावला आणि तांबडा गंज सुटू लागला, तो बादलीत, धोतरावर. सोड्याने हे काम अधिकच झपाट्याने होते. आजीचा उपायच डाग पक्का करीत होता. ‘बोअरचा पाईपही गंजला असेल,’ पुतण्याने जोडले, ‘एकट्या जिवाणूंवर सगळे ढकलू नका. पण आजीचा दोष कोणत्याच हिशेबात निघत नाही.’ त्याची आजी म्हणजे माझी काकू.

घरी येऊन प्रयोग पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मोडक्या हापशीच्या नालीतला तांबडा गाळ खरवडून दोन बाटल्यांत भरला होता. दोन्हींत कन्हानच्या काठचा चिखल आणि कुजका पाला घातला, पाण्याने गळ्यापर्यंत भरून बुचे मेणाने बंद केली. फरक एवढाच, की दुसऱ्या बाटलीतला चिखल आणि पाला आधी काकूच्या कुकरमध्ये तासभर शिजवला होता. (तो कुकर काकूने नंतर चिंचेने तीनदा घासला.) तीन महिन्यांनी शिजवलेली बाटली अजून तांबडी होती. न शिजवलेली करडी-काळी. ‘नुसत्या रंगावरून सारे सिद्ध होत नाही,’ तो म्हणाला, ‘गंधकाचा श्वास घेणारेही चिखल काळा करतात. लोखंड किती विरघळले ते कॉलेजात मोजून घेतले आहे. करड्या बाटलीत पुष्कळ आहे.’ मला त्याचे हे बोलणे प्रयोगाहूनही आवडले.

आता माझे काम उरले होते. काकू ओट्याशी सांबारवड्या तळत होती. मी पाट ओढून बसलो आणि सारे सांगितले: तीन इलेक्ट्रॉन, दोन इलेक्ट्रॉन, सोडा, आणि शेवटी गूळ-शेंगदाणे. आठ वर्षांच्या मुलाचा अपराध पंचेचाळिशीत कबूल करताना वाक्ये नीट जुळत नाहीत. काकू झारा हलवीत ऐकत होती.

‘ते मले ठाऊक होतं, बाबू,’ ती म्हणाली.

‘काय ठाऊक होतं?’

‘हेच. हापशीचं पाणी ताजं चांगलं दिसते अन् सकाळी घंगाळात खाली तांबडं बसते. चहा काळा व्हायचा त्या पाण्याचा. मग मी रात्रीच पाणी भरून ठेवू लागली. सकाळी वरचं-वरचं काढून घ्यायची, खालचं कर्दळीले. सोडा सासूबाईंसमोर घ्यायची अन् मागं नालीत टाकायची. जुने डाग लिंबानं चोळले. दोन वर्षांत धोतरं पहिल्यासारखी झाली होती.’

‘मग आजीला सांगितलं का नाही?’

‘काय सांगू? त्या म्हणत, बोलल्याशिवाय सुधारत नाही कोणी.’ काकू हसली. ‘तुले नाही आठवत, धोतरं पांढरी झालेली?’

मला आठवत नव्हते. डाग दिसला तेव्हा मी धावत गेलो होतो. डाग गेला तेव्हा कोणाला सांगायला गेलो नव्हतो. चाळीस वर्षे मी त्या दोरीवर पिवळेच धोतर पाहत आलो होतो.

काकूने वड्या ताटलीत काढल्या, आधी माझ्यापुढे ठेवल्या, आणि नातवाला म्हणाली, ‘ते तुझे किडे खातात काय? पालाच नं? मग संपला असेल आता. घालून दे थोडा.’

निघताना पुतण्याने करडी बाटली मला दिली. घरी आल्यावर मी तिचे बूच उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला तांबूस कडा धरली होती. बायकोने विचारले, हे काय नवीन? मी म्हणालो, कामठीचे पाणी आहे, बस, सांगतो; आणि सुरुवात काकूपासून केली.